चौतिसावा बिल्ला

१

भोसरीत रविवारला कोणी विचारत नाही. कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे आठवड्यातला माणसासारखा जगायचा दिवस तोच. कोंडीराम त्या दिवशी आठपर्यंत लोळायचा, मग दाढी, मग मटण, मग पुन्हा झोप. शहात्तर सालच्या फेब्रुवारीत एका गुरुवारी मात्र तो पहाटेच लांडेवाडीच्या नाक्यावर पिशवी घेऊन उभा होता आणि मनातल्या मनात चिमाजीला शिव्या घालत होता.

समुद्रावर जायचं हे खूळ चिमाजीचं. चिमाजी कारखान्याचा टाइमकीपर. गेटवरच्या केबिनमध्ये बसून लोकांच्या येण्याजाण्यावर डोळा ठेवणं हे त्याचं काम, आणि त्यातच त्याचा सगळा आनंद. मशीनशॉपच्या लोकांनी 'निसर्ग सहल मंडळ' काढलं, त्याला सेक्रेटरी केलं, गळ्यात एक शिट्टी अडकवली, तेव्हापासून तो झोपेतही शिट्टी वाजवत असेल असं लोक म्हणायचे.

कारखान्यातली हजेरी बिल्ल्यांवर चाले. गेटच्या आत एक मोठा फळा, त्याचे दोन भाग, प्रत्येकाच्या नंबरचा पितळी बिल्ला. आत आलं की आपला बिल्ला 'बाहेर'च्या खिळ्यावरून उचलून 'आत'च्या खिळ्याला अडकवायचा. आता माणसं काय रोज वेळेवर येतात? कोणाची सायकल पंक्चर, कोणाच्या घरी नळाला पाणी नाही. मग आधी आलेला माणूस आपल्याबरोबर दोस्ताचाही बिल्ला अडकवून टाकी. याला कोणी लबाडी म्हणत नसे. चिमाजी फळा बघतो, माणसं बघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोंडीराम आणि ज्ञानदेव हे एकमेकांसाठी सहा वर्षं करत आले होते. गेटमधून शिरताना कोंडीरामच्या हाताला दोन बिल्ल्यांचीच सवय झाली होती.

ज्ञानदेव शेजारच्या लेथवर होता आणि कोंडीरामच्या धाकट्या बहिणीचा, प्रभावतीचा, नवरा होता. कामाला वाघ. घरी मात्र हात सैल. संक्रांतीला प्रभावती वाण घेऊन आली तेव्हा तिनं डाव्या गालावरचा पदर एकदाही बाजूला केला नव्हता. कोंडीरामनं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. दाजीला घरात चार माणसांत बोलता येत नाही. समुद्रावर एकटा गाठून बोलायचं, एवढ्याचसाठी तो या सहलीला निघाला होता.

२

घाट उतरून एसटी कुलाबा जिल्ह्यात शिरली आणि साडेनऊच्या सुमाराला वेळसूर नावाच्या गावाशी थांबली. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र होता. चौतीस माणसांतल्या तिसांनी तो पहिल्यांदा पाहिला. सगळे एकदम बोलायला लागले.

चिमाजीनं बसमधून एक फळा उतरवला. कारखान्यातल्यासारखाच, प्लायवुडचा. अर्धा भाग निळा, त्यावर 'पाणी'. अर्धा पिवळा, त्यावर 'किनारा'. पत्र्याचे चौतीस बिल्ले त्यानं स्वतः कापून त्यावर आकडे ठोकले होते.

"पाण्यात जाताना बिल्ला निळ्यात, भायेर आलं की पिवळ्यात," त्यानं बजावलं. "निळ्यात एक जरी उरला तरी गाडी हलणार न्हाई. समजलं का, भावांनो?"

लोक हसले. सुट्टीच्या दिवशीही याचा फळा सुटत नाही म्हणाले. पण बिल्ले मात्र प्रत्येकानं सरळ रांगेत उभं राहून लावले. सवय कुठं जाते?

ओहोटी चालू होती. पाणी मागं सरकून वाळू लांबच लांब उघडी पडली होती, आणि पाच-सहाशे पावलांवर काळ्या खडकांची एक पाठ वर आली होती. गाववाले तिला खडप म्हणत. तिथवर गुडघाभर पाण्यातून चालत जाता येत होतं. ज्ञानदेव कमरेला लाल टॉवेल गुंडाळून तिकडं निघाला. कोंडीराम त्याच्यामागं गेला. अर्ध्या वाटेत त्यानं त्याला गाठलं.

"दाजी, एक बोलायचं व्हतं."

"बोल की."

"प्रभावतीवर हात टाकू नका. एवढंच."

ज्ञानदेव थांबला. त्यानं वळून पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता, हसू होतं. ते जास्त वाईट होतं.

"तुला तिनं सांगितलं?"

"मला दिसतं."

"मग बघत जाऊ नको," ज्ञानदेव म्हणाला. "बायको माझी हाय. तुझ्या बापानं पाय धुवून दिलीय मला. आन् हे बघ, मला उशीर झाला तर माझा बिल्ला तेवढा पिवळ्यात लाव. त्या शिट्टीवाल्याची कटकट नको."

तो खडपाकडे चालता झाला. कोंडीराम तिथंच पोटरीभर पाण्यात उभा राहिला. बापाचं नाव काढल्यावर संतापानं त्याचे कान तापले होते. मग तो परत फिरला.

३

बाराला शिट्टी झाली. माणसं पाण्याबाहेर आली, नाकातलं पाणी शिंकरत, एकमेकांना ढकलत फळ्याशी गोळा झाली. कोंडीरामनं आपला बिल्ला उचलून पिवळ्यात लावला. आणि मग त्याच हातानं त्यानं ज्ञानदेवचा, चौतीस नंबरचा, उचलून लावला. हे करताना त्यानं विचार केला नाही. लावून झाल्यावर केला. राहू दे, त्याला वाटलं. जेवण चुकू दे लेकाचं. गाडी चुकली तर आणखीच बरं, चालत येईल पेणपर्यंत.

फळा सगळा पिवळा भरला. चिमाजी खूश झाला.

जेवणाची सोय गावातल्या दुर्गाबाई नावाच्या कोळणीकडे होती. सुरूच्या सावलीत दोन पंगती बसल्या. तांदळाच्या भाकरी, सुरमईचं कालवण. चिमाजी दोन पंगतींच्या मधून बोटानं माणसं मोजत गेला. त्याला सवय फळ्याची, पण आज मंडळाचा सेक्रेटरी होता ना.

"चौतीस," तो म्हणाला. "भरले. वाढा."

कोंडीरामचा हात भाकरीवर थांबला. तेहतीस पाहिजेत. चिमाजी चुकला असेल. त्यानं बसल्या जागेवरून स्वतः मोजलं. समोर सतरा. आपल्या बाजूला, आपण धरून, सतरा. पुन्हा मोजलं. चौतीस. त्यानं मान उंचावून झाडांच्या फटीतून समुद्राकडे पाहिलं. खडपावर एक माणूस बसला होता. पाठमोरा. खांद्यावर लाल टॉवेल.

मग कोंडीरामनं आकडे सोडले आणि चेहरे बघायला सुरुवात केली. धोंडीबा. भैरू. वेल्डिंगचा ज्योतीराम. पेंटशॉपचे दोघे. एकेक तोंड ओळखीचं, एकेकाशी कधी ना कधी भांडण झालेलं. समोरच्या पंगतीत शेवटून दुसरा ज्ञानदेव जेवत होता.

त्यात घाबरण्यासारखं काय होतं? आला असेल मागच्या बाजूनं. खडपावर गावातला कोणी असेल. लाल टॉवेल जगात एकच असतो थोडाच. कोंडीरामनं स्वतःला हे सगळं नीट समजावलं आणि घास घेतला. पण सगळ्यांचे केस ओले होते, आणि ज्ञानदेवचे कोरडे होते. सगळ्यांच्या पायांना वाळू होती, आणि त्याच्या मांडी घातलेल्या पायांचे तळवे स्वच्छ होते. आणि प्रत्येकाच्या पानाशेजारी माशाच्या काट्यांचा ढीग होता. त्याच्या पानाशेजारी एकही काटा नव्हता. तो तुकडा तोंडात टाकत होता, चावत होता, गिळत होता. कडकड आवाज येत होता.

दुर्गाबाई कालवणाचं पातेलं घेऊन पंगतीतून येत होती. त्याच्यापाशी आली तशी ती थांबली. तिनं पळी पातेल्यात टाकली आणि त्याला ओलांडून शेवटच्या माणसाला वाढलं. त्यानं मागितलंही नाही.

जेवणं झाल्यावर कोंडीराम त्याच्याजवळ गेला.

"दाजी, कवा आलात तुमी?"

"तू बिल्ला लावलास तवा," तो म्हणाला.

४

दोननंतर भरती लागली. कोणी पत्ते मांडले, कोणी झोपले, भैरू तोंडावर टोपी टाकून घोरत होता. कोंडीराम मात्र वाळूत बसून खडपाकडे बघत होता. पाणी चढत होतं. खडप आता अर्धाच उरला होता, आणि त्याच्यावरचा माणूस उभा राहिला होता. थोड्या वेळानं तो टॉवेल हलवायला लागला.

कोंडीराम चिमाजीकडे गेला.

"ते बघ. त्यो अडकलाय."

चिमाजीनं डोळ्यांवर हात धरला. "कोन हाय?"

"मला वाटतं... दाजी हायेत."

"कोन, ज्ञानदेव? येडा का खुळा तू?" चिमाजीनं मान वळवून झाडांकडे बोट दाखवलं. "त्यो बघ की तिथं बसलाय. आन् फळा बघ. निळ्यात एक तरी दिसतोय का? गाववाला असंल राव, शिंपल्या काढत असंल. ऊन लागलंय तुला. पानी पी."

चिमाजीचं बरोबर होतं. झाडाखाली तो बसला होताच. खोडाला न टेकता, ताठ, मांडीवर हात ठेवून. कोंडीराम बघतोय म्हटल्यावर त्यानंही बघितलं. कोंडीरामला वाटलं, माणूस भिंतीकडे बघतो तेव्हा भिंतीला असंच वाटत असेल.

दुर्गाबाई पाण्याच्या कडेला भांडी घासत होती. कोंडीराम तिच्याजवळ गेला.

"बाई, तो खडपावर तुमच्यातला हाय का?"

"आमचा नाय," ती न बघताच म्हणाली. "भरती लागली का आमचा मानूस खडपावर थांबत नाय. मधल्या पान्याला ओढ हाय." मग तिनं हात थांबवले. "तुमचे सगले हायेत?"

"हायेत. चौतीस."

"चौतीस पानं मी वाढली नाय," ती म्हणाली.

वाऱ्यावर काहीतरी ऐकू आलं. हाक असेल, पक्षी असेल. दुर्गाबाई उठून उभी राहिली. वाळूवर तिच्या घरची होडी ओढून ठेवली होती, आणि सावलीत तिचा नवरा जाळं शिवत बसला होता.

"तुमचा असंल तर सांग," ती म्हणाली. "होडी काढतो. पन आत्ता सांग. घटकाभरानं उपेग नाय."

कोंडीरामनं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्याला कळलं की आपल्या मागं कोणीतरी येऊन उभं आहे. वाळूत पावलं वाजली नव्हती.

"कोंडीबा," मागून आवाज आला. दाजीचाच आवाज, पण सगळा चिडकेपणा काढून घेतलेला. "प्रभावतीला आता माझा हात लागायचा न्हाई. कधीच न्हाई. आईची आन."

सकाळी हेच ऐकायला तो एवढ्या लांब आला होता. एवढंच ऐकायचं होतं त्याला. दूर टॉवेल हलत होता. त्या टॉवेलवाल्यानं सकाळी त्याच्या बापाचं नाव काढलं होतं. त्याला प्रभावतीचा गाल आठवला. हा इथं उभा आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. माझ्या मागं उभा आहे, बोलतो आहे. मग तिथला कोण का असेना.

"आमचा न्हाई," कोंडीराम म्हणाला.

दुर्गाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं, आणि लगेच नजर खाली घेतली. तिनं अर्धी घासलेली भांडी पाटीत भरली आणि ती घराकडे गेली. जाताना नवऱ्यालाही तिनं उठवून नेलं. त्यांच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. भर दुपारी.

५

साडेचारला एसटी निघाली. चिमाजीनं दारात उभं राहून पुन्हा मोजलं. भरले. कोंडीरामनं खिडकीतून बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि अर्थातच त्यानं बघितलं. खडप पाण्याखाली गेला होता. त्याच्यावर कोणी नव्हतं. नुसतं पाणी होतं, आणि बाकीच्या समुद्रासारखंच होतं.

शेजारच्या सीटवर तो येऊन बसला. पेण गेलं, खोपोली आली. कोंडीराम बोलत राहिला, कारण गप्प बसवत नव्हतं. लग्नात मांडव कुणी घातला होता? त्यानं सांगितलं. पहिल्या दिवशी लेथवर कोणाचा अंगठा गेला? त्यानं सांगितलं. आपण आळंदीला गेलो तेव्हा नदीत कोण घसरलं? तेही सांगितलं. एकही उत्तर चुकलं नाही. पण विचारल्याशिवाय तो एक शब्द बोलत नव्हता, आणि भोसरी येईपर्यंत त्यानं एकदाही जांभई दिली नाही, खाजवलं नाही, मांडी बदलली नाही.

"उन्हानं झालं असंल," कोंडीराम मोठ्यांदा म्हणाला.

"उन्हानं झालं असंल," तो म्हणाला.

६

शुक्रवारी पहिल्या पाळीला तो वेळेवर आला. त्याचा बिल्ला कोणाला लावावा लागला नाही. शनिवारीही नाही. सुपरवायझर म्हणाला, ह्याला समुद्राची हवा मानवली. खरंच होतं ते. तो बिडी प्यायला बाहेर जात नव्हता. पाणी मात्र माठाशी उभा राहून पीतच राही. सोमवारी लेथवरून लोखंडाचा तापलेला, निळा पडलेला कीस उडाला आणि त्याच्या उघड्या मनगटावर बसला. त्यानं तो झटकला नाही. चरचर झाली, वास आला. तो काम करत राहिला. कोंडीरामनं आपला लेथ बंद केला आणि संडासात जाऊन ओकला.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर कोंडीराम प्रभावतीकडे गेला. ज्ञानदेवला ओव्हरटाइम होता, ती एकटी होती. दारात बसून गहू निवडत होती. डावा गाल उघडा होता आणि त्यावरचा डाग पिवळा पडत आला होता.

"बरी हायस ना?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"दाजी नीट वागत्यात?"

तिनं सूप खाली ठेवलं. बराच वेळ ती गव्हातला एक खडा बोटांत फिरवत राहिली.

"ते न्हाईत, दादा," ती म्हणाली. "दार उघडलं तवाच कळलं मला."

कोंडीराम तिच्यासमोर उकिडवा बसला. "मग कोन हाय?"

"मी इचारलं न्हाई."

"प्रभा..."

"झोपत न्हाई. भिंतीकडं तोंड करून बसतं. रातच्याला भरलेला हंडा सकाळी कोरडा असतो. मला भ्या वाटतं, न्हाई असं न्हाई." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पर मारत न्हाई, दादा. सात वर्सं झाली लग्नाला. चार दिस कोनी मारलं न्हाई मला."

"मी काय केलंय तुला ठाव न्हाई," तो म्हणाला.

"नगं सांगू," ती म्हणाली. "आन् त्याला परत न्हेऊ नगंस."

तिनं सूप उचललं आणि गहू पाखडायला लागली. कोंडीराम तिथून उठला तेव्हा त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. बहीण सुखात होती. मग चौकात पोचेपर्यंत त्याला रडू फुटलं, आणि तो सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेला लहान मुलासारखा रडला.

७

पुढच्या गुरुवारी दुपारी कोंडीराम पुन्हा प्रभावतीकडे जेवायला गेला. गेला नसता तरी चाललं असतं. पण घरी बसून राहणं त्याहून अवघड होतं. प्रभावतीनं भात वाढला. तो भिंतीकडे तोंड करून बसलेला होता, शेजारी पाण्याचा हंडा. चाळीत सगळीकडे सुट्टीचा आवाज होता. रेडिओ चालू होता, कोणीतरी मसाला कुटत होतं.

दारावर थाप पडली.

"प्रभे."

प्रभावतीच्या हातातली पळी भातात पडली.

"प्रभे, दार उघड. मी हाय."

आवाज घोगरा होता, घशातून ओढून काढलेला. पण त्यात चिडकेपणा होता. कोंडीरामनं तो चिडकेपणा ओळखला. प्रभावती झटकन उठली आणि तिनं कडी घातली. कोंडीराम दाराला भिडला. फळ्यांच्या फटीतून त्याला थोडंसंच दिसलं. पांढरे पडलेले, चिरलेले ओठ. मिठानं ताठ झालेली दाढी. आणि खाली पाय. खडपावरच्या शिंपल्यांनी तळवे कापून त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, पण त्यांतून रक्त येत नव्हतं. सात दिवस पाण्यात राहिलेल्या कपड्याला जसं काही येत नाही, तसं. तो जिवंत परत आला होता की नाही, हे कोंडीरामला त्या फटीतून ठरवता येईना.

"आमचे मालक घरात हायेत," प्रभावती दाराला तोंड लावून म्हणाली. "तुमी दुसरीकडं बगा."

बाहेरून दारावर डोकं आपटल्यासारखा आवाज आला.

"नाव घे माझं," बाहेरचा म्हणाला. "प्रभे, एकदा नाव घे. मला... मला आठवंना झालंय. लग्नात घेतलं व्हतंस की. घे ना."

प्रभावतीनं तोंडात पदर कोंबला. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. लग्नाच्या पंगतीत एकदा, बायकांनी छळल्यावर, आणि पुढं कधी नाही. ती आता त्याच रीतीनं वागत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दार आत यायला लागलं. कोंडीरामनं खांदा लावला. प्रभावतीनं दोन्ही हात लावले. बिजागऱ्या करकरल्या. मग त्या दोघांच्या डोक्यांमधून तिसरा हात आला आणि सपाट तळवा दाराला टेकला. तो हात कोंडीरामच्या गालाला लागला. त्याला ना ऊब होती ना गारवा. मनगटावर कीस बसला होता तिथं भाजल्याचा डाग नव्हता. तिथं कातडीला भोक पडलं होतं, आणि भोकाच्या आत काळं, हलतं पाणी होतं.

दार जागच्या जागी थांबलं.

"कोंडीबा," बाहेरचा म्हणाला. आता तो रडत होता. "तू हायस ना आत? तुझी सायकल हाय भायेर. तू तरी सांग मी कोन हाय ते."

"दादा," प्रभावती कुजबुजली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "तू जा भायेर."

"काय?"

"तुज्याकडं आलाय तो. तू सोडून आलास त्याला, मी न्हाई. तू जा, म्हंजी तो जाईल."

तिनं कडी काढली. दार हातभर उघडलं. तिच्या हातांत एवढं बळ असेल असं कोंडीरामला कधी वाटलं नव्हतं. तिनं त्याला पाठीत रेटलं, तो अडखळत उन्हात आला, आणि मागं दार लागलं. कडी पडली.

बाहेरच्या माणसानं त्याचं मनगट धरलं. जवळून समुद्राचा वास येत होता.

"सांग," तो म्हणाला.

कोंडीरामला सगळं आठवत होतं. सहा वर्षं शेजारचा लेथ. लग्नातला त्याचा फेटा, सारखा सुटणारा. आळंदीच्या नदीत घसरला तेव्हाचं त्याचं हसू. भांडणं, उसनी बिडी, त्याच्या बापाचं नाव, आईचं नाव, गाव, वाडी. फक्त याचं नाव येईना. त्यानं जीभ टाळूला लावली, ओठ मिटले, उघडले. पहिलं अक्षरसुद्धा येईना. त्यानं या माणसाला नावानं कधी हाक मारलीच नव्हती. बहिणीच्या नवऱ्याला कोण नावानं हाक मारतं?

"सांग की रं," माणूस म्हणाला. त्याची बोटं मनगटात रुतत होती. चाळीतल्या बायका उंबऱ्यांत येऊन उभ्या राहिल्या होत्या.

कोंडीरामला त्याची दया आली, इतकी की आपण काय केलं ते सगळं आता ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. निदान हाक तरी मारावी. जी सात वर्षं मारली तीच.

"दाजी," तो म्हणाला.

"ओ," दाराआडून उत्तर आलं.

समोरच्या माणसानं त्याचा हात सोडला.